नानांनी वाटलेल्या तारखा

आमच्या घरात स्वस्थ बसणं फक्त नानांना जमायचं. नाना म्हणजे माझे वडील, जळगावच्या एका मराठी शाळेत मास्तर. शाळेतून आले की कोट खुंटीला, टोपी कोटावर, आणि ते स्वतः ओट्यावरच्या लाकडी खुर्चीत. माय कंदिलाची काच पुसून आणीपर्यंत ते हलायचे नाहीत. बाकी आम्ही तिघं सारखी हलती. माय चुलीपासून परसापर्यंत खेपा घालत असायची. माझा थोरला भाऊ वसंत, ज्याला मी नुसतं भाऊ म्हणायची, तो जेवतानासुद्धा एक गुडघा नाचवत जेवायचा, आणि ताटाशेजारचं पाण्याचं भांडं त्या नाचाने थरथरायचं. मी एका जागी बसायची, पण माझं डोकं बसायचं नाही. ते मोजायचं. रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे, जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, मायच्या भाकरी थापताना पडणाऱ्या थापा. मोजून काय करायचं हे मला माहीत नव्हतं. थांबवायचं कसं हेही माहीत नव्हतं, आणि अजूनही ते नीटसं माहीत नाही.

भाऊ गेल्याला आता पाच आठवडे झाले. शेवटची काही वर्षं तो इथे माझ्याजवळच राहत होता. भेटायला येणारी माणसं थांबली आहेत, शेजारच्या डब्यांचं येणं थांबलं आहे, आणि मी मात्र या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले ते विसरते. त्याचा मुलगा सुरतेहून काही कागद घेऊन आला होता. एका अर्जात मयताची जन्मतारीख भरायची होती. "आत्या, तूच भर, तुझं अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. मी भरली, आणि भरून झाल्यावर पेन तसंच कागदावर टेकवून बसले, इतका वेळ की तिथे शाईचा ठिपका पडला. त्या ठिपक्याबद्दल सांगायचं तर मला आमच्या पुस्तकांच्या कव्हरांपासून सुरुवात करावी लागेल.

नाना वर्ष संपलं तरी जुनं कॅलेंडर टाकत नसत. कापडदुकानांची, तेल गिरण्यांची, कुठल्या कुठल्या बियाणेवाल्यांची कॅलेंडरं त्यांच्या ट्रंकेत साठलेली. वरची देवाची चित्रं माय काढून घ्यायची, आणि खालच्या तारखांच्या कागदांची नाना आमच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे. तारखांची बाजू बाहेर, कोरी बाजू आत. कारण आतल्या बाजूवर चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून ठेवता येतात असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझ्या भूगोलावर एक वर्ष होतं, इतिहासावर दुसरं, आणि वाचनमालेवर मी जन्मायच्या आधीचं कुठलंसं. वर्गात कंटाळा आला की मी पुस्तक मिटून कव्हर वाचायची. असं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की एप्रिल आणि जुलै जुळे आहेत, सप्टेंबर आणि डिसेंबरही जुळे. एक जानेवारी कुठल्या वारी येते एवढं कळलं की सगळं वर्ष आपोआप उलगडतं. आणि पुढे कधीतरी, परसात बोरं खात बसलेली असताना, हे लक्षात आलं की वर्षं कितीही गेली तरी कॅलेंडरं चौदाच असतात. सात साधी, सात लीप वर्षाची. तीच फिरून फिरून येतात. मी बी थुंकली आणि घरात पळत जाऊन नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "चौदाच? बरं झालं. मला वाटायचं पुष्कळ आहेत."

त्यानंतर कुणी तारीख सांगितली की ते कव्हर माझ्या डोळ्यांपुढे यायचं आणि मी वार सांगायची. मायला त्याचं काही विशेष वाटलं नाही. ती अमळनेरकडच्या खेड्यातली, अक्षर न शिकलेली, आणि तिच्याजवळ तिचे स्वतःचे वार होते. सोमवारी दाणे सोलायचे नाहीत, बाजाराच्या दिवशी भरीत, गुरुवारी कळण्याची भाकरी आणि ठेचा. शनिवारी ती डोक्यावरून न्हायची नाही. शनिवारी आमची शाळा अर्धा दिवस, दुपारभर बंबात पाणी गरम, आळीतल्या सगळ्या बायका केस धुऊन ओट्यावर वाळवत बसलेल्या, आणि माय मात्र कोरड्या केसांनी पापड लाटत असलेली. मला वाटायचं शनिवार मारुतीचा, म्हणून असेल. तारखांबद्दल जिला इतके प्रश्न पडत होते, तिने हा एक प्रश्न विचारला नाही.

दरवर्षी जूनमध्ये शाळेत नावं घालायची म्हणून लोक मुलांना घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. शाळेत यायला माणसांना भीती वाटायची, घरी वाटायची नाही. नाना आधी मुलाला डोक्यावरून हात न्यायला सांगायचे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे जाऊन डाव्या कानाला लागला की मूल सहा वर्षांचं झालं. मग आई-बापाला जन्मतारीख विचारायची. ती कुणालाच ठाऊक नसायची. टोळ आले त्या वर्षीचा, कुणी म्हणायचं. पोळा होऊन दोन दिवस झाले होते, कुणी म्हणायचं. बाकीचे मास्तर अशा सगळ्या मुलांना सरसकट एक जून देऊन टाकत. नानांना ते आवडायचं नाही. "एकाच दिवशी इतकी पोरं? गुरं आहेत का ती?" ते म्हणायचे, आणि मुलाकडे नीट बघून त्याला एक तारीख द्यायचे. सुगीतली द्यायचे, थंडीतली द्यायचे. एकदा एका फार रडणाऱ्या मुलाला त्यांनी तेवीस मार्च दिली. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "परीक्षा संपत आलेली असते, वाढदिवसाला जरा मोकळा राहील." त्यांनी आधी अकरा वर्षं धुळ्याजवळ पांझरेकाठच्या एका खेड्यात मास्तरकी केली होती, तिथेही त्यांनी अशाच तारखा वाटल्या होत्या. म्हणजे एकाच घरात, एकाच कंदिलाखाली, नाना लोकांना तारखा देत होते आणि मी तारखांचे वार सांगत होते. ही दोन्ही कामं एकमेकांवर येऊन आदळतील असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

भाऊ मॅट्रिक झाला आणि वर्षभरात तीन नोकऱ्या सोडून बसला. तेलाच्या दुकानात त्याला वास सहन होईना, वखारीत बसवेना, आणि वकिलाकडे उभं राहवेना. त्याने पोस्टाने जादूचं एक पुस्तक मागवलं आणि आरशापुढे उभा राहून पत्ते लपवायला शिकला. त्याचे हात घामेजायचे, त्यामुळे पत्ता चिकटायचा. गणपतीत आमच्या आळीच्या मांडवात त्याने पहिला खेळ केला तेव्हा बाहीतून निघायचा रुमाल निघाला नाही, आणि समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तरांच्या पोरा, सर्दी झाली का रे तुला?" मांडव हसला. भाऊ पडद्यामागे आला, घामाने भिजलेला, आणि मला म्हणाला, "सिंधू, चल. तू वार सांग." मी परकरावर तशीच बाहेर गेले. लोकांनी तारखा विचारल्या, मी वार सांगितले. आधी हसू थांबलं, मग कुजबुज थांबली. मला ती शांतता अजून आठवते. आयुष्यात पहिल्यांदा माझं डोकं जे करत होतं ते कुणाच्या तरी कामाचं होतं.

त्या दिवसापासून भाऊच्या अस्वस्थपणाला वाट सापडली. तो प्रोफेसर वसंत झाला आणि मी त्रिकालज्ञानी कुमारी सिंधू. तो मला शिकवायला लागला. "लगेच सांगू नकोस. लगेच सांगितलं की लोकांना वाटतं पाठ आहे. आधी श्वास घे. मग जरा डोल. मग सांग." सुरुवात नेहमी पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसने करायची, कारण तो शुक्रवार होता हे बहुतेकांना आठवायचं, आणि पहिला वार त्यांच्या ओळखीचा निघाला की पुढचे सगळे ते मुकाट्याने मानतात. माझे डोळे बांधायचे हेही त्यानेच ठरवलं. आधी बंद डोळ्यांवर कणकेचे दोन गोळे, त्यावर काळं कापड.

"पण भाऊ, वार सांगायला डोळे लागतच नाहीत."

"ते तुला माहीत आहे. लोकांना नाही."

कणीक माय मळून द्यायची आणि खेळाहून आल्यावर परत मागायची, गायीला घालायला. आमच्या काही खुणाही होत्या. माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्याने एकदा बोट वाजवलं की हळू सांग, दोनदा वाजवलं की जरा थरथर. आणि तीनदा वाजवलं की मूर्च्छित पड. काही अडलंच तर सुटायची ती वाट. मूर्च्छेचा आम्ही परसात सराव केला होता. मला ती चांगली जमायची. माय घासायच्या भांड्यांकडे बोट करून म्हणायची, "आते ऊठ, भांडा पडेल शेतस."

वर्षभर आम्ही एरंडोल, भुसावळ, मुक्ताबाईची जत्रा असं फिरलो, आणि मग धुळ्याचं बोलावणं आलं. एका फिरत्या जादूच्या कंपनीचे मालक धुळ्यात मुक्कामाला होते. त्यांनी आमच्याबद्दल ऐकलं होतं. रविवारी दुपारी त्यांच्या पत्र्याच्या थिएटरात आम्हाला अर्धा तास मिळणार होता, आणि तो चांगला गेला तर ते भाऊला कंपनीत घेणार होते. मला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं, पण त्याला कायमचं. नागपूर, हैदराबाद, पुढे कलकत्त्यापर्यंत. हे सांगताना भाऊ ओट्याच्या तीन पायऱ्या चढत-उतरत होता. नाना ऐकत बसले होते. माय म्हणाली, "बाप संगे जाई तवयच पोर जाई." नानांनी टोपी हातात घेऊन फुंकली आणि म्हणाले, "मी मागे बसेन. मला पुढे बोलवू नका."

सकाळच्या मोटारीने आम्ही निघालो. मायने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. भाऊने एक घासही खाल्ला नाही. पारोळ्याच्या पुढे तो म्हणाला, "सिंधू, हे एवढं पार पडलं ना, की मी पुन्हा कधी कुणाच्या दुकानात बसणार नाही." मी म्हणाले, "तू तसाही बसत नाहीस." तो हसला, पण गुडघा थांबला नाही. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. रस्ता त्यांच्या ओळखीचा होता.

थिएटर भरलेलं होतं. खेड्यापाड्यांहून बाजाराला आलेली माणसं, एका बाजूला बायका, पत्रा तापलेला, आणि बिड्यांच्या धुराचा आणि भज्यांच्या तेलाचा वास. भाऊने माझ्या डोळ्यांवर गोळे ठेवले, कापड बांधलं, आणि बांधताना त्याची बोटं गार लागली. मग सगळं ऐकूच येऊ लागलं. त्याचा आवाज मोठा झाला. पंधरा ऑगस्ट, शुक्रवार, टाळ्या. सव्वीस जानेवारी पन्नास, गुरुवार, टाळ्या. कुणी लग्नपत्रिका काढून तारीख वाचली, मी वार सांगितला, पत्रिकेत तोच होता, आणि लोक उभे राहिले असावेत, कारण बाकं करकरली. मालक विंगेत होते. त्यांच्या चपलेचा आवाज जवळ आला. भाऊच्या आवाजात मी आधी कधी न ऐकलेलं काहीतरी आलं होतं. तो हवेत बोलत होता.

मग एक तरुण आवाज म्हणाला, "माझी सांगा. सात सप्टेंबर एकोणीसशे पस्तीस. शाळेच्या दाखल्यावर आहे, आत्ताच काढलाय, नोकरीला."

मी श्वास घेतला, डोलले, आणि म्हणाले, "शनिवार."

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. बायकांच्या बाजूने कुणीतरी बोलत होतं. आधी पुटपुटणं, मग स्पष्ट.

"नही वो. मना पोऱ्या मंगयवारले जलमना."

"बस ना, माय," तो तरुण म्हणाला.

"काबर बसू? मी इसरसू का? गावना बजार व्हता त्या दिन. ईस वरीस व्हयनात, मंगयवारले मी डोकावर पानी लिधं नही. आनि हाई पोर सांगस शनवार."

पहिल्यांदा हसू आलं ते बायकांच्या बाजूनेच, पण ते तिच्यावर नव्हतं, आमच्यावर होतं. मुलाच्या जन्मवारी आई डोक्यावरून न्हात नाही, ही त्या बायकांची रीत. वीस वर्षं पाळलेला वार कुणी चुकेल का? "आईला विचारा रे, पोरीला कशाला विचारता," एक पुरुष ओरडला. कुणी शीळ घातली. भाऊ घाईघाईने म्हणाला, "कुमारी पुन्हा ध्यान लावतील," आणि माझ्याजवळ येऊन ओठ न हलवता म्हणाला, "मंगळवार म्हण."

मला सगळं कव्हर दिसत होतं. माझ्या तिसरीच्या वाचनमालेचं, पस्तीस सालचं, सप्टेंबर डाव्या कोपऱ्यात, सातच्या आकड्यावर शाईचा डाग. तो शनिवारच होता. मी म्हणाले, "तारीख सात असेल तर वार शनिवार."

ती बाई आता पुढे आली होती, कारण आवाज अगदी जवळून आला. रागाचा नव्हता. त्यात भीती होती. "तूच सांग, पोर. मी इतला वरीस चुकनू का?"

खुर्चीच्या पाठीवर तीन वेळा बोट वाजलं.

मी पडले नाही. का पडले नाही याचं उत्तर मी साठाहून अधिक वर्षं शोधते आहे. पडायला काहीच लागत नव्हतं. मान बाजूला टाकायची, हात सोडायचे. भाऊने मला उचललं असतं, पडदा पडला असता, लोक हळहळले असते. पण ती बाई मला विचारत होती. तिने मला खरंच विचारलं होतं, आणि कुणी खरं विचारलं की उत्तर न देता पडायचं कसं, हे आम्ही परसात शिकलो नव्हतो. पुन्हा तीन वेळा बोट वाजलं, आता जोरात. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले, आणि त्या अंधारात, सगळ्या गोंगाटाच्या मागून, मला नानांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. वर्गात शांतता हवी असली की ते तसं खाकरायचे.

"ती तारीख मी लिहिली आहे," नाना म्हणाले. "आई सांगते तो वार खरा. मुलीने सांगितलेला वारही बरोबर आहे. तारीख माझी आहे."

कुणीतरी म्हणालं, "मास्तर? आपले मास्तर शेतस ते."

थिएटरातला आवाज बदलला. शिट्ट्या थांबल्या आणि माणसं बाकांवरून उठून मागे वळू लागली. तो तरुण म्हणाला, "मास्तर, म्हणजे मी किती वर्षांचा?" नाना म्हणाले, "तुझा हात कानाला लागत होता, बाबा." सगळे हसले. मग दुसऱ्याने विचारलं, "मास्तर, मनी तारीख बी तुमनीच का?" आणि तिसऱ्याने, आणि चौथ्याने. खेळ संपला होता. लोक माझ्याकडे पाठ करून नानांभोवती जमले होते. मला ते दिसत नव्हतं, पण आवाज सगळा तिकडे वाहत होता, आणि मंचावर फक्त भाऊचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा एक खरखरीत हात माझ्या डोक्यामागे आला आणि त्याने गाठ सोडली. ती बाईच होती, ठेंगणी, कानात तांब्यासारख्या काळवंडलेल्या बाळ्या. तिने नखाने माझ्या पापणीवरची वाळलेली कणीक काढली. "डोया उघड, पोर," ती म्हणाली. "कनीक वायी गयी."

मालक विंगेतून जाताना भाऊला म्हणाले, "पोरगी चांगली आहे. बाप घरी ठेवायला हवा होता." एवढंच.

परतीच्या मोटारीत भाऊ आमच्या पुढच्या बाकावर बसला. पारोळ्याला गाडी चहाला थांबली तेव्हा तो उतरला आणि रस्त्याच्या कडेने लांबपर्यंत चालत गेला, इतका की कंडक्टरने दोनदा हाक मारली. परत आला, पण बसला नाही. दांडा धरून उभा राहिला आणि नानांकडे न बघता म्हणाला, "माझी?"

नानांना कळलं. "तुझीही."

"म्हणजे अकरा नोव्हेंबर..."

"वर्षभर आधी घातलं तुला शाळेत. घरी तुला बसवत नव्हतं, वसंता. तुझी माय दमून जायची." मग म्हणाले, "अकरा-अकरा लक्षात ठेवायला सोपी, म्हणून दिली."

मी विचारलं नाही. माझीही तारीख नानांच्याच अक्षरात होती. मी खिडकीबाहेर बघत केळीच्या बागांच्या रांगा मोजत राहिले.

घरी आल्यावर मायने कणीक मागितली. ती धुळ्यातच राहिली होती. मी तिच्याजवळ चुलीपाशी बसले आणि विचारलं, "माय, तू शनिवारी न्हात का नाहीस?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन आणि दोन किती असं विचारत होते. "वसंताना वार शे तो. इतली शाळा शिकनी, तुले इतलं माहीत नही?" अकरा नोव्हेंबर छत्तीस हा बुधवार येतो. मी तो हजारदा सांगितला होता, मंचावरसुद्धा, भाऊच्या तारखेचा म्हणून. आणि खरा वार दर आठवड्याला माझ्यासमोर कोरड्या केसांनी पापड लाटत होता.

"आणि माझा वार कोणता?"

मायने भाकरी उलटली. आठवण्याचा प्रयत्न केला, हे मी तिच्या तोंडावर पाहिलं. "पोरीस्ना वार कोनी धरस का?" ती म्हणाली, आणि माझ्या ताटात लोण्याचा मोठा गोळा टाकला.

भाऊने पुन्हा खेळ केला नाही. ते काळं कापड मायने लोणच्याच्या बरणीला बांधलं. दोन-तीन महिन्यांत त्याने सुरतेला गिरणीत काम धरलं. नाना त्याला पोचवायला स्टेशनवर आले नाहीत, की त्यानेच येऊ नका म्हटलं, ते मला आता नक्की आठवत नाही. मी गेले होते. मला त्याला सांगायचं होतं की मी पडले असते तर तू कलकत्त्याला गेला असतास. ते तोंडातून निघेना. तो डब्याच्या दारात उभा, एका पायावरून दुसऱ्यावर. गाडीने शिट्टी दिल्यावर तो वाकून म्हणाला, "तुझा वार रविवार."

"कशावरून?"

"मी सहा वर्षांचा होतो. तू झालीस त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी दिवसभर ओट्यावर बसून होतो."

"तू? दिवसभर बसून?"

तो हसला. गाडी हलली. हे त्याला खरंच आठवत होतं, की पडदा पडता पडता त्याने शेवटचा एक खेळ करून दाखवला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. नाना गेले, माय गेली. पुढे मी शाळेत शिकवलं, दाखल्यांवर दुसऱ्यांच्या तारखा लिहिल्या. भाऊचं पत्र दर महिन्याला यायचं, आणि वर नाव-गाव झाल्यावर पहिली ओळ असायची, "रविवारच्या मुलीस". त्याच्याखेरीज ते कुणी लिहू शकणार नव्हतं, कारण त्याच्याखेरीज तो दिवस बघितलेलं कुणी उरलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात त्याला बोलता येत नव्हतं. मी खाटेजवळ बसलेली असताना त्याने लोखंडी पट्टीवर बोट वाजवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी म्हणाले, "नाही पडत, जा." त्याचा गुडघा चादरीखाली जरासा हलला. मला वाटतं तो हसत होता.

तर मी त्या अर्जावर अकरा नोव्हेंबरच लिहिली. नानांनी दिली होती, ती त्याने जन्मभर वापरली, आता ती त्याचीच. त्याची दुसरी तारीख, जाण्याची, मात्र कुणी दिलेली नाही. ती खरी आहे आणि तिचा वार मला मोजावा लागला नाही.

काल शनिवार होता. सकाळी मी सवयीने केस धुवायला पाणी तापवलं, शिकेकाई भिजवली, तपेलं मोरीत नेऊन ठेवलं. बहिणीने भावाचा वार धरायचा अशी रीत कुठे नाही. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले, आणि पाणी निवेपर्यंत तिथेच बसून राहिले.